कांद्यावरचा कर नेमका कोण भरतो? निर्यातशुल्क, बंदी आणि तुमच्या चाळीचा हिशोब

१९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. शुल्क भरायचे होते निर्यातदाराने, जमा व्हायचे होते बंदरावर. नाशिक जिल्ह्यातल्या एकाही शेतकऱ्याच्या नावाने पावती फाटली नाही. तरीही दोन दिवसांत लासलगाव, पिंपळगावचे लिलाव बंद पडले आणि शेतकरी रस्त्यावर उतरले. "शेतकऱ्याला कुठे कर असतो?" असे म्हणणाऱ्यांना हे कोडे वाटते. पण कर कोणाच्या नावावर आहे आणि तो कोणाच्या खिशातून जातो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा लेख त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. शिवाय सरकार बाजारात हात का घालते, घातल्यावर काय होते आणि चाळ भरताना तुम्ही हे सगळे कसे धरायचे, हेही पाहू.

आधी बाजार कुठे फसतो ते पाहू

सरकारने बाजारात पडूच नये, असे म्हणणे सोपे आहे. पण कांद्याचा बाजार स्वतःच्या बळावर नीट चालतो असेही नाही. याची कारणे पिकातच आहेत.

आपल्या देशातला सुमारे ७० टक्के कांदा रब्बीचा, म्हणजे उन्हाळ. तो मार्च अखेरीपासून मे महिन्यापर्यंत निघतो आणि खरिपाचा लाल कांदा येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, देशाला पुरवायचा असतो. म्हणजे दोन-अडीच महिन्यांत निघालेला माल सात-आठ महिने खायचा. मधल्या काळात त्याचे वजन घटते, कोंब येतात, सड लागते. गव्हासारखा तो गोदामात पडून राहत नाही.

दुसरी गोष्ट खाणाऱ्याची. भाव दुप्पट झाला म्हणून घरात कांदा निम्मा होत नाही, थोडासाच कमी होतो. भाव निम्मा झाला म्हणून कोणी दुप्पट कांदाही खात नाही. मागणी अशी ताठर असली की पुरवठ्यात थोडी घट आली तरी भाव खूप चढतो आणि थोडी वाढ झाली तरी खूप कोसळतो. म्हणून १० टक्के माल जास्त आला तर भाव १० टक्के नव्हे, ३०-४० टक्केही पडू शकतो. शेतकऱ्याला "चांगले पीक आले आणि नुकसान झाले" हा अनुभव येतो तो याच कारणाने.

तिसरी गोष्ट माहितीची. रोप टाकताना तुमच्यासमोर असतो चालू भाव. भाव चांगला असेल तर तुम्हीही टाकता, शेजारीही टाकतो, मध्य प्रदेशातला आणि राजस्थानातलाही टाकतो. एकूण लागवड किती झाली हे त्या वेळी कोणालाच कळत नाही. चार महिन्यांनी सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव पडतो. मग पुढच्या हंगामात सगळे हात आखडता घेतात आणि भाव चढतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या चढउताराच्या आकृतीला कोळ्याच्या जाळ्याची उपमा देतात. फरक इतकाच की या जाळ्यात अडकतो तो जाळे विणणाराच.

आणि चौथी गोष्ट सौद्यातल्या ताकदीची. लिलावात एका बाजूला शेकडो ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला मोजके खरेदीदार. माल घरी परत न्यायचा तर डिझेल पुन्हा जाणार, कांदा आणखी खराब होणार. अशा वेळी 'नाही' म्हणण्याची मुभा कागदावरच राहते. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासपत्रानुसार ग्राहक कांद्यासाठी देतो त्या रुपयातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात. उरलेले सगळे नफेखोरी नसते. घट, वाहतूक, हमाली, किरकोळ विक्रेत्याचा खर्च त्यातच येतो. पण स्पर्धा कमी असल्याचा वाटाही त्यात असतो.

बाजार स्वतःहून योग्य जागी येत नाही अशा या स्थितीला 'बाजाराचे अपयश' म्हणतात. हस्तक्षेपाचे समर्थन इथूनच सुरू होते आणि ते समर्थन खोटे नाही. प्रश्न असा आहे की जिथे बाजार फसतो तिथेच सरकार हात घालते का? माहिती, साठवण, स्पर्धा या तीन दुखण्यांवर इलाज केला तर तो शेतकऱ्यालाही हवा आहे आणि ग्राहकालाही. निर्यातशुल्क यांपैकी एकाही दुखण्यावरचे औषध नाही. ते तापमापीतला पारा खाली ढकलते.

एका वर्षाची रोजनिशी

२०२३-२४ मध्ये काय काय झाले ते क्रमाने पाहा, कारण यात हस्तक्षेपाचे जवळजवळ सगळे प्रकार येऊन गेले.

फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये भाव कोसळले. राज्य सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्यासाठी क्विंटलला ३५० रुपये, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. ऑगस्टमध्ये भाव चढू लागताच ४० टक्के निर्यातशुल्क आले. तीनच दिवसांनी केंद्राने २,४१० रुपये क्विंटल दराने आणखी २ लाख टन खरेदीची घोषणा केली. सप्टेंबरमध्ये शुल्क आणि बाजार फीच्या प्रश्नावर नाशिकच्या व्यापाऱ्यांनी पुन्हा लिलाव बंद ठेवले. २९ ऑक्टोबरपासून टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लागू झाले. ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी आली. ती ३१ मार्च २०२४ पर्यंत सांगितली होती, नंतर पुढील आदेशापर्यंत वाढवली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य झाले.

तारखांकडे जरा लक्ष द्या. बंदी उठली ४ मेला, नाशिक-दिंडोरीत लोकसभेचे मतदान होते २० मेला. किमान मूल्य हटले सप्टेंबरात, राज्य विधानसभेचे मतदान नोव्हेंबरात. निष्कर्ष तुमचा तुम्ही काढा.

आणि हे पहिल्यांदा घडले असेही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आधी ८५० डॉलर किमान मूल्य आणि २९ तारखेला बंदी, सोबत किरकोळ व्यापाऱ्यावर १०० आणि घाऊक व्यापाऱ्यावर ५०० क्विंटलची साठा मर्यादा. ती बंदी मार्च २०२० मध्ये उठली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, १ जानेवारी २०२१ ला उठली. सप्टेंबर, सप्टेंबर, ऑगस्ट. हा योगायोग नाही. याच महिन्यांत बाजारात फक्त चाळीतला कांदा असतो.

शुल्काचा बोजा कसा सरकतो

आता आकडे मांडू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्यक्ष भाव दरवर्षी वेगळे असतील.

समजा परदेशी खरेदीदार बंदरावर किलोला ३५ रुपये द्यायला तयार आहे. लासलगावपासून बंदरापर्यंतची प्रतवारी, गोणी, वाहतूक, घट आणि निर्यातदाराचा नफा मिळून १० रुपये. म्हणजे लिलावात निर्यातदार २५ रुपयांपर्यंत बोली लावू शकतो.

आता ४० टक्के शुल्क लागले. परदेशी खरेदीदाराला पाकिस्तान, इजिप्त, चीनचा कांदाही मिळतो, म्हणून तो ३५ च्या वर जायला तयार नाही. तर शुल्कासह ३५ होण्यासाठी मालाची मूळ किंमत २५ च बसली पाहिजे (२५ अधिक त्याचे ४० टक्के १०, एकूण ३५). त्यातून खर्चाचे १० वजा केले की लिलावातली बोली उरते १५ रुपये. शुल्क भरले निर्यातदाराने, सहीशिक्का त्याचाच, पण १० रुपये गेले ते तुमच्या पट्टीतून.

परदेशी खरेदीदाराला आपल्याशिवाय फारसा पर्याय नसेल तर तो थोडा भार उचलेल. तो ३८.५० रुपयांपर्यंत चढला तर मूळ किंमत २७.५० आणि लिलावातली बोली १७.५०. तरी तुमचे साडेसात रुपये गेलेच. नियम असा आहे: ज्याला बाजूला सरकता येते तो कराचा भार टाळतो, ज्याला सरकता येत नाही त्याच्यावर तो येऊन बसतो. परदेशी खरेदीदार दुसऱ्या देशाकडे वळू शकतो. निर्यातदार द्राक्ष किंवा मिरचीकडे वळू शकतो. ट्रॅक्टरमध्ये भरलेला कांदा कुठे वळणार?

मुख्य गोष्ट याच्या पुढे आहे. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३०२ लाख टन कांदा झाला आणि सुमारे २५ लाख टन निर्यात झाला. म्हणजे बारा किलोंतला एक किलो परदेशी गेला. सरकारला शुल्क मिळते ते त्या एका किलोवर. पण लिलावात निर्यातीचा कांदा आणि देशातला कांदा यांचा भाव वेगळा निघत नाही. निर्यातदाराची बोली १५ वर आली की देशातल्या व्यापाऱ्यालाही २५ द्यायचे कारण उरत नाही. निर्यात चालू आहे तोवर भाव खाली ओढला जातो तो बाराही किलोंचा. तिजोरीत येतात एका किलोचे १० रुपये, शेतकऱ्यांच्या हातून जातात बारा किलोंचे. मधला फरक जातो कुठे? काही ग्राहकाकडे, तेच सरकारला हवे असते. काही व्यापाराच्या साखळीत अडकतो, कारण किरकोळ भाव लिलावाइतक्या वेगाने उतरत नाही. आणि जी निर्यात होऊ शकली असती पण झालीच नाही, तिचा फायदा कोणालाच मिळत नाही. तो निव्वळ बुडतो. २०२३-२४ मध्ये निर्यात सुमारे १७ लाख टनांवर उतरली.

हीच गोष्ट एकरी हिशोबात पाहा. एकरी १०० क्विंटल धरले आणि किलोला १० रुपये कमी मिळाले, तर एकरामागे एक लाख रुपये. या रकमेची पावती कोणी देत नाही म्हणून तिला कोणी कर म्हणत नाही.

अडतीचा धडा

हाच नियम जवळच्या उदाहरणात पाहता येतो. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि अडत विकणाऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले. तोवर ती शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. व्यापाऱ्यांनी संप केला. अनेकांना वाटले, आता तेवढी टक्केवारी सरळ आपल्या खिशात.

तसे पूर्ण होत नाही. खरेदीदाराला वर ६ टक्के द्यायचे आहेत हे कळल्यावर तो बोलीच तेवढी खाली लावू शकतो. आधी २,००० ची बोली आणि १२० कपात, हातात १,८८०. आता बोलीच १,८९० च्या आसपास आणि कपात शून्य. मग बदल निरुपयोगी होता का? नाही. पट्टी स्वच्छ झाली, मनमानी कपातीला आळा बसला. पण खरा फायदा झाला असेल तर तो दुसऱ्या अर्ध्या निर्णयाचा, म्हणजे आवाराबाहेर विकायची मुभा मिळाल्याचा. सरकायला जागा मिळाली की भार टाळता येतो. 'कपात कोणी भरायची' यावर भांडण्यापेक्षा 'खरेदीदार किती आहेत' यावर भांडलेले जास्त उपयोगी, असे माझे मत आहे.

शुल्क, किमान मूल्य, बंदी: सारखेच वाटते, सारखे नाही

तिन्हींचा हेतू एकच, कांदा देशात ठेवणे. पण पैसा वेगवेगळ्या हाती जातो. शुल्कातून निदान सरकारला महसूल येतो आणि ठरवले तर तो परत शेतकऱ्याकडे वळवता येतो. किमान निर्यात मूल्यातून सरकारला काहीच मिळत नाही. बाजारात ६०० डॉलरला विकला जाणारा माल ८०० डॉलरच्या खाली पाठवायचा नाही म्हटले, तर प्रामाणिक निर्यातदार थांबतो आणि दुसरा कागदावर ८०० दाखवून वरची रक्कम आडमार्गाने परत करतो.

बंदी सर्वांत जड. त्यातही एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना मिळून ९९,१५० टन निर्यातीची परवानगी दिली. बंदीच्या काळात परदेशातला भाव चढा आणि देशातला पडलेला असतो. अशा वेळी ज्याला पाठवायची परवानगी मिळते त्याच्या हाती तो फरक पडतो. त्याला परवान्याचा लाभ म्हणतात. तो कमावण्यासाठी कोणाला कांदा पिकवावा लागत नाही. कोटा पद्धतीत हा धोका कायमचा असतो, सरकार कोणतेही असो.

आणखी एक नुकसान लगेच दिसत नाही, ते म्हणजे भरवसा. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या असता, आधी कळवले असते तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती, अशा अर्थाचे हसतहसत बोलून गेल्या. पुढच्याच वर्षी पुन्हा तसेच झाले. असे दोन-तीनदा झाले की खरेदीदार देश दुसरीकडून आयात सुरू करतो आणि स्वतःच्या शेतकऱ्याला कांदा लावायला प्रोत्साहन देतो. १ एप्रिल २०२५ ला आपले शुल्क शून्य झाले, पण शुल्क हटले म्हणून गेलेले गिऱ्हाईक त्याच दिवशी परत येत नसते.

सर्वांत मोठे नुकसान: चाळीचे

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. हा हिशोब कागदावर स्वतः मांडून पाहा.

समजा एप्रिलमध्ये भाव १,२०० रुपये क्विंटल आहे. तुम्ही १०० क्विंटल न विकता चाळीत टाकला. तेव्हाच विकला असता तर १,२०,००० मिळाले असते. चाळीचा खर्च, मजुरी, अडकलेल्या पैशावरचे व्याज मिळून १५,००० धरा. पाच महिन्यांत ३० टक्के घट आणि सड धरली तर सप्टेंबरात विकायला उरतो ७० क्विंटल. म्हणजे १,३५,००० रुपये ७० क्विंटलमधून निघाले पाहिजेत. भाव निदान १,९३० रुपये मिळाला तरच बरोबरी.

सप्टेंबरचा भाव कोणालाच आधी माहीत नसतो. समजा दोन वर्षांतून एकदा २,५०० मिळतो आणि एकदा १,५००. सरासरी २,०००. सत्तर क्विंटलचे सरासरी १,४०,०००. म्हणजे वर्षाला सरासरी पाच हजार फायदा. फार नाही, पण साठवण परवडते. चांगले वर्ष वाईट वर्षाचा खड्डा भरून काढते.

आता सरकार मध्ये आले. भाव २,५०० कडे निघाला की शुल्क लागते आणि तो २,००० वर अडतो. भाव १,५०० असतो तेव्हा मात्र कोणी तो वर उचलत नाही. नवी सरासरी १,७५०. सत्तर क्विंटलचे १,२२,५००. म्हणजे सरासरी १२,५०० तोटा. फायद्याला छत आहे, तोट्याला फरशी नाही. असा धंदा कोण करेल?

शहाणा शेतकरी मग एप्रिल-मेमध्येच माल काढून टाकतो. त्यामुळे एप्रिल-मेचा भाव आणखी पडतो आणि सप्टेंबरात चाळी रिकाम्या असल्याने भाव आणखी चढतो. मग सरकार पुन्हा शुल्क लावते. भाव स्थिर करण्यासाठी केलेल्या हस्तक्षेपाने चढउतार वाढतो. ग्राहकाचेही यात शेवटी नुकसानच आहे, ही गोष्ट शहरातल्या वाचकाला समजावून सांगता आली तर बरेच काम होईल. चाळ बांधायला अनुदान आणि साठवलेल्या कांद्यावर बंदी, हे दोन्ही एकाच वेळी चालवणे म्हणजे विहीर खणून देऊन मोटार काढून नेण्यासारखे आहे.

मग सरकारने करायचे काय?

काहीच नाही, हे उत्तर नव्हे. मघाच्या चार दुखण्यांपैकी साठवणीच्या दुखण्यावर राखीव साठा हे योग्य औषध आहे: मंदीत घ्यायचा, तेजीत विकायचा. नाफेड आणि एनसीसीएफमार्फत हे केले जाते. २०२३-२४ मध्ये साठ्याचे लक्ष्य ३ लाखांवरून ५ लाख टनांवर नेले. किरकोळ विक्री २५ रुपये किलोने केली गेली. पण त्या वर्षीच्या सुमारे २४२ लाख टन उत्पादनापुढे ५ लाख टन म्हणजे दोन टक्के. शिवाय ही खरेदी बाजार समितीच्या उघड लिलावात न होता मुख्यतः उत्पादक कंपन्या आणि संस्थांमार्फत होते. म्हणून लिलावात एक बोली वाढल्याचा फायदा इतर शेतकऱ्यांना मिळत नाही. खरेदी लिलावात उतरून करावी ही मागणी त्यामुळेच रास्त आहे.

सरकारी खरेदी म्हणजे हमखास भले, असेही नाही. मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये ६ रुपये आणि २०१७ मध्ये ८ रुपये किलोने कांदा घेतला. घेतला, पण ठेवायची सोय नव्हती. पावसात बराच सडला. बाजाराचे अपयश जसे असते तसे सरकारचेही असते.

क्विंटलमागे ३५० रुपयांसारखी थेट मदत सोपी आणि स्वच्छ आहे, पण ती भाव पडून गेल्यावर जाहीर होते. ज्याने घाबरून शिवार सौद्यात माल दिला, त्याच्याकडे बाजार समितीची पावती नसते, तो वंचित राहतो. आधीच माहीत असलेली योजना आणि नंतर जाहीर झालेली मदत यांत फरक आहे. पहिलीमुळे लागवड आणि साठवण यांचा निर्णय बदलतो, दुसरीमुळे फक्त जखमेवर पट्टी बसते. बाजार हस्तक्षेप योजनेत आता भावातला फरक थेट खात्यात देण्याचा पर्याय आहे; पण प्रस्ताव राज्याने पाठवायचा असतो, म्हणून मंदीत मागणी आधी मुंबईत करावी लागते, मग दिल्लीत.

निर्यातशुल्क लावायचेच असेल तर नियम आधी सांगा. अमुक किरकोळ भाव इतके आठवडे टिकला तर अमुक टक्के, खाली आला की आपोआप शून्य. आज तसे नाही. सीमाशुल्क दर कायदा, १९७५ च्या कलम ८ नुसार केंद्राला तातडीने निर्यातशुल्क लावता येते. बंदी येते ती परकीय व्यापार कायदा, १९९२ खालच्या अधिसूचनेने. दोन्ही एका रात्रीत होऊ शकतात.

"शेतकऱ्याला कर नाही" याबद्दल थोडेसे

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, हे खरे. पण खतावर ५ टक्के आणि रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता. कारखानदार असा भरलेला कर आपल्या विक्रीवरच्या करातून वजा करून घेतो. तुमच्या कांद्याच्या विक्रीवर जीएसटी नाही, त्यामुळे वजावट कशातून घेणार? तो कर तुमच्या उत्पादन खर्चात कायमचा मुरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि ठिबक संचावरचा दर १२ वरून ५ टक्के झाला, तेवढा दिलासा. चर्चेत कोणी हा मुद्दा काढला तर निर्यातशुल्काचा वरचा एकरी हिशोबही पुढे ठेवा.

चाळ भरताना काय धरायचे

सरकारची नजर लासलगावच्या लिलावावर नसते, शहरातल्या किरकोळ भावावर असते. केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग देशभरातले किरकोळ भाव रोज प्रसिद्ध करतो. जुलैपासून तेच आकडे पाहत जा. दिल्ली-मुंबईचा किरकोळ भाव गेल्या वर्षीच्या तुलनेत झपाट्याने वाढू लागला आणि वर्तमानपत्रांत 'कांदा रडवणार' अशा बातम्या सुरू झाल्या, की हस्तक्षेपाची शक्यता वाढली असे समजा. त्या वेळी आणखी दोनशे रुपयांसाठी थांबण्यापेक्षा हातातला भाव घेतलेला बरा.

सगळा माल एकदम विकू नका आणि सगळा ठेवूही नका. उत्पादन खर्च निघेल इतका काढणीच्या वेळी, मध्यम प्रतीचा जून-जुलैपर्यंत, आणि नीट सुकवलेला, पक्क्या मानेचा, एकसारख्या आकाराचा निवडक कांदाच ऑगस्टपुढे न्या. जोड, डेंगळे आणि जाड मानेचा कांदा चाळीत गेला तर तो शेजारच्यालाही सडवतो आणि वरच्या हिशोबातली ३० टक्के घट ४० वर नेतो. घट ४० टक्के झाली तर बरोबरीचा भाव १,९३० वरून २,२५० वर जातो, म्हणजे छताच्या वर.

कृषी सहायकांनी आणि उत्पादक कंपन्यांच्या प्रतिनिधींनी हा बरोबरीचा भाव मार्चअखेरच्या बैठकीत गावातल्या खऱ्या आकड्यांवरून काढून फळ्यावर लिहावा. त्यासाठी चाळीत माल टाकतानाचे आणि काढतानाचे वजन वहीत हवे. बहुतेकांकडे विक्रीच्या पट्ट्या असतात, टाकतानाचे वजन मात्र अंदाजे ट्रॉलीत सांगितले जाते. या वर्षी निदान एका कप्प्याचे वजन काट्यावर करून ठेवा.